वांग्याला विरोध करणारे काकाजी

घंटी वाजली की काकाजी गणपतीकडे वळायचे, डोळे मिटून हात जोडायचे आणि पुन्हा आमच्याकडे तोंड करून पुढे बोलायला लागायचे. दोष थोडा घंटीचाही होता. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या आमच्या गणेश मंडळाकडे वादविवादासाठी वेगळी घंटी नाही. जी आरतीची, तीच वक्त्याची वेळ संपल्याची. ती वाजवायचं काम माझ्याकडे आणि मी ती कितीही जोरात हलवली तरी काकाजींचं उत्तर ठरलेलं, "वाजव न बाई. देवाची घंटी हाय, तिले मी कावून अडवू?"

विषय कोणताही द्या, विरोधातच बोलणार, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचे काकाजी त्यातले. मंडपाच्या रंगालाही त्यांचा विरोध असे आणि शिऱ्यातल्या बेदाण्यांनाही. कारखान्यात ते क्रेन चालवायचे. उंचावरच्या केबिनमध्ये एकट्यानं बसायचं, खाली लालभडक लोखंड, बोलायला चिटपाखरू नाही. "अख्खी शिफ्ट तोंडाले कुलूप रायचं," असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते कुलूप काढलं आणि किल्ली बहुतेक फेकूनच दिली.

ते मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे, आमच्या भिंतीला भिंत लावून. मागच्या अंगणात भंडाऱ्याकडच्या गावाहून आणलेली काटेरी वांगी. झाडावरच्या सगळ्यात चांगल्या वांग्याला ते लाल चिंधी बांधत. ते वांगं बियाण्याचं, त्याला हात लावायचा नाही. हिवाळ्यात त्यांच्याकडे भरीत झालं की आम्हा सगळ्यांना बोलावणं यायचं आणि प्रत्येक घासाला एक वाक्य ऐकावं लागायचं, "या वांग्याच्या पोटात कंपनीनं काही घातलं नाही, समजलं?" भरीत इतकं चांगलं असायचं की आम्ही मुकाट्यानं माना हलवायचो.

मग एका गणपतीत पोरांनी विषय काढला, पिकांच्या आणि माणसांच्या जनुकांत बदल करावा की नाही. पेपरात तेव्हा मोहरीच्या नव्या बियाण्यावरून भांडणं चालली होती. काकाजी आठवडाभर आधीपासून पेटलेले. दूधवाल्याला अडवून विचारायचे, भाजीवालीला विचारायचे. आणि त्यांच्याविरुद्ध, बदल हवा या बाजूनं, नाव कुणी दिलं असेल? त्यांच्याच नातीनं. मीनलनं.

मीनल कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकत होती. पोरगी हुशार, पण थंडी पडली की गायब व्हायची. हातपाय दुखतात, थंडी सोसत नाही, वात आहे, असं घरचे सांगत. एवढ्या तरुण पोरीला कसला वात, असं आम्हा बायकांच्या मनात यायचं. पण शेजारधर्म म्हणजे काही गोष्टी न विचारणंही असतं, आणि आम्ही तो पाळत होतो.

मंडप खच्चून भरला होता. आसपासच्या जुनवानीहून, कोहक्याहून माणसं आली होती. आजा-नातीची कुस्ती कोण सोडणार?

काकाजींनी सुरुवातच जोरदार केली. "बी आपलं असलं त आपण मालक. दरसाल विकत घ्या लागलं त आपण गिऱ्हाईक. अन् मले एवढंच सांगा, आधी कोण खाईन? बनवणारा साहेब खाईन का, त्याचे लेकरं खातीन? काही उलटं झालं त जवाब कोण देईन?" टाळ्या पडल्या. मी घंटी वाजवली, काकाजींनी बाप्पाला नमस्कार केला आणि पुढे चालू.

मीनल उठली. "आबाजी, गावचे काका बीटी कापूस पेरतात. तुमची बनियन त्याचीच आहे."

"बनियन मी खात नाही," काकाजी जागेवरूनच म्हणाले.

"सरकीचं तेल तर खाता न?"

मंडपात असा हशा उठला की पुढच्या रांगेतली लहान मुलं दचकली. मीनल थांबली नाही. चिंधी बांधून चांगल्याच वांग्याचं बी ठेवता, मग तुम्हीही वांगं बदलतच आलात की नाही, असं तिनं विचारलं. काकाजी पुन्हा उसळले, "निवडणं येगळं, पोटात घुसवणं येगळं." खरं सांगते, मला दोघांचंही पटत होतं आणि घंटी वाजवायचं भानच राहिलं नव्हतं.

मग मीनलनं हातातला कागद खाली ठेवला.

"आबाजींचं वांगं राहू द्या तसंच. मले पण तेच आवडते. पण मेरे खून की बात अलग है। मले वात नाही. मले सिकल सेल आहे. जन्मापासून. आता तो जीन दुरुस्त करता येतो. माझ्याच पेशी काढून, सुधारून परत मलेच देतात. अजून चाचणीच चालू आहे. मले त्या चाचणीत नाव द्यायचं आहे, अन् घरी कोणी हो म्हणत नाही."

आमच्या लोकांत हा रक्ताचा आजार नवा नाही, पण घरातल्या मुलीचं लग्न होईपर्यंत तो कपाटात ठेवतात. तिनं तो माईकवर सांगितला होता. तिची आई खाली मान घालून बसली होती.

शेवटचं बोलायचा हक्क काकाजींचा. ते उठले आणि माईकपर्यंत गेले.

"आधी कोण खाईन, असं मी इचारलं होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, जवाब कोणी दुसराच राहीन." मग नातीकडे पाहून म्हणाले, "वांग्याले माहा विरोध कायम हाय. तुह्याले... तुहं मले आधी समजून घ्या लागन. डॉक्टरले प्रश्न मी इचारीन. जवाब पटले त मी हाव म्हणीन."

पहिलं बक्षीस कोणाला मिळालं ते मला आज आठवत नाही. प्रसादाच्या रांगेत काय झालं ते मात्र आठवतं. एक बाई मीनलजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माह्या पोरालेही हाय." तिच्यामागून आणखी एक. शिरा वाटणारे हात थांबले होते.

पुढे काकाजींनी डॉक्टरांना जे काही पिडलं, ते मीनलच सांगायची. बदल उलटला तर काय? सुधारलेल्या पेशी देण्याआधीच्या जहाल औषधांनी केस जातील ते ठीक, पण पुढं लेकरं होतील का? मध्येच नको वाटलं तर सोडता येईल का? दहा वर्षांनी कोणाला फोन करायचा? डॉक्टर वैतागून म्हणाले, "आजोबा, तुम्ही नातेवाईक आहात की वकील?" काकाजी म्हणाले, "मी इरोधी पक्ष हाय साहेब. मी हाव म्हटलं त समजा काम पक्कं हाय." आणि एक दिवस कुंपणावरून त्यांनी मला हाक मारली. "बाई, हाव म्हटलं मी." डोळे पाण्यानं भरलेले, आणि चेहऱ्यावर मात्र क्रेन नवी मिळाल्याचा आनंद.

या वर्षी काकाजी आणि मीनल मोठ्या शहरात, दवाखान्याजवळच्या एका खोलीत आहेत. तपासण्या महिनोन् महिने चालल्या. वांग्यांना पाणी मी घालते, चिंधीही मीच बांधली. गणपतीत काकाजींचा हट्ट, वादविवादात बोलणार म्हणजे बोलणार, फोनवरून. विषय होता, मुलांच्या हाती मोबाईल द्यावा का. काकाजी मोबाईलवरून मोबाईलच्या विरोधात.

सकाळची आरती झाली. आम्ही फोन माईकला लावला. मीनलला चाचणीत घेणार की नाही, ते डॉक्टर त्याच दिवशी सांगणार आणि घेतलं तर लगेच दाखल करणार होते, हे सगळ्या मंडपाला माहीत होतं. काकाजी दवाखान्याच्या बाकावरून बोलत होते, नेहमीसारखे तावात. मध्येच मागून कोणीतरी हाक मारली. काकाजींनी वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाले, "थांबतो बापा. डॉक्टरनं हाव म्हटलं. तिले आत नेऊन राहिले."

चपलांचा आवाज दूर गेला. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. घंटी माझ्या हातात तशीच, न वाजवलेली. इतक्या वर्षांत काकाजी घंटीच्या आधी कधी थांबले नव्हते.

पुढचा वक्ता माईककडे निघाला. मी त्याला हातानं अडवलं.

"बस जरा," मी म्हटलं. "काकाजींचा वेळ अजून बाकी आहे."