चौथी टाकी

"डोळे आहेत ना तुला? मग मोज की!" मॉनिटरच्या काचेवर बोट आपटत आमचे सर कंपायलरला असं झापायचे.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्या वर्कशॉपच्या वर आमचं ऑफिस. ऑफिस कसलं, दोन टेबलं आणि एक कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात टाक्यांचं तापमान दाखवणारा आमचा प्रोग्रॅम चालायचा. चालायचा म्हणजे रांगायचा. "शनिवारपर्यंत पळवा, नाहीतर तुमचं काम बंद," असं तिथल्या साहेबांनी बजावलं. गिऱ्हाईक हे एवढं एकच. ते गेलं की माझी पहिली नोकरी गेली.

आता सर का झापायचे ते ऐका. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा प्रोग्रॅम. एखादं काम एकदाच लिहून ठेवायचं, त्याला फंक्शन म्हणायचं, आणि लागेल तिथून हाक मारायची. पण दर हाकेला तिकडे जा, परत ये, यात वेळ जातो. म्हणून छोटी फंक्शनं कंपायलर हाकेच्या जागीच उतरवून ठेवतो. आमच्या फंक्शनला मात्र कारखान्याच्या ज्या शेडमध्ये जितक्या टाक्या, तितके आकडे द्यायचे, कधी दोन, कधी पाच. असलं काही दिसलं की कंपायलर हात वर करायचा.

"किती आकडे दिलेत ते समोर दिसतंय, तरी जमत नाही! आळशी लेकाचा," म्हणत सर स्वतःच बसले. एकेक हाक खोडायची आणि तिथे मोजून तितक्या ओळी हाताने लिहायच्या. मधेच ते थबकले.

एका शेडच्या हाकेत खुद्द सरांनीच 'चार आकडे' म्हणून तीनच दिले होते. चौथा आकडा प्रोग्रॅम मेमरीत सापडेल तो उचलत होता. त्या शेडमध्ये टाक्याच तीन! आणि कारखान्यात वर्षभर चौथ्या टाकीचं तापमान रोज रजिस्टरात लिहिलं जात होतं. कधी एकसष्ट, कधी बासष्ट. मशीन दाखवतंय म्हणजे टाकी असणारच!

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. सर हसले नाहीत.

"गुपचूप काढून टाकू ना," मी म्हटलं.

"सांगायला हवं रे."

शनिवारी प्रोग्रॅम सुसाट पळाला. साहेब खूश. मग सरांनी चूक सांगितली, आणि साहेबांचा चेहराच पडला. रजिस्टरात पानोपानी त्यांची सही होती.

"मास्तर, चौथी परत टाका. ऑडिटवाले विचारतील."

"नसलेल्या टाकीला ताप कुठून आणू, साहेब?"

"आजवर आणलात ना!"

"चुकून आणला. मुद्दाम नाही आणणार."

सोमवारपासून काम बंद. मला असा राग आला, की वर्षभर मी सरांशी बोललो नाही. पुढे ते बदलापुरात मुलांना गणित शिकवायचे. तिथेच गेले.

आज माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. त्यांतल्या कुणी गिऱ्हाइकाला असं तोंडावर 'नाही' म्हटलं, तर मी त्याला ठेवीन का? खरं सांगतो, काढीन. आणि त्या दिवशी मला जेवण जाणार नाही.