भाग खाणारी पेटी

माझं कोणी ऐकलंच नाही. मी पहिल्यापासून सांगत होते, खोट पेटीत नाही, माणसात आहे. पण चौथी शिकलेल्या बाईने मशीनबद्दल बोललं की सगळे हसतात. तीन पेट्या बदलल्या तरी हसत होते.

पोळीभाजी केंद्र चालवलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. पिठाच्या पिंपाच्या तळाला पीठ बसत जातं, तसे ते बसतात. एक दिवस पिंप उलटं केलं की कळतं, अरे, केवढं साठलंय! त्यातले हे पेटीचे.

आमचं केंद्र डोंबिवलीला, दामूशेठच्या घराखालच्या गाळ्यात. आम्ही तिघी. नंदा टिटवाळ्याहून येते, ती लाटते. मी भाजते. सुलभाताई वयाने मोठ्या, त्या भाज्या करतात आणि आम्हाला नावं ठेवतात. चौदा वर्षं झाली, तिघींतली एकही बदललेली नाही. दुपारचे डबे दीडला जातात, संध्याकाळचा तवा चारला चढतो. मधे अडीच वाजता चहा आणि मालिका. टीव्हीवर मालिका लागतात तेव्हा आम्ही पोळ्यांत असतो, म्हणून टीव्हीला जोडायची नेटवरची पेटी घ्यायची ठरली. जुनीच मालिका, सगळे भाग पडलेले. रोज एक बघायचा. नियम एकच. तिघींनी मिळून बघायचं, कोणी एकटीने पुढे जायचं नाही. नंदाने तर अन्नपूर्णेच्या फोटोसमोर आम्हाला शपथ घ्यायला लावली. वैदेही म्हणून मुलगी आहे मालिकेत, ती हरवलेल्या बापाला शोधते. बाप कोण हे एकीला आधी कळलं आणि दुसरीला नंतर, तर मग मजा काय?

*

पहिली पेटी स्टेशनजवळच्या जिग्नेशकडून आणली. "मावशी, ही घ्या, तुमच्यासाठी एकदम आयडियल." पेटी साबणाच्या वडीएवढी आणि रिमोट त्याहून लहान.

तिसऱ्याच दिवशी रिमोट गायब. ओटा शोधला, पिंपामागे शोधलं, भाजीच्या कचऱ्यात हात घातला. नंदा म्हणाली, गिऱ्हाइकानेच उचलला असणार. ती चिडून गोळे करायला बसली आणि पंधराव्या गोळ्यात काहीतरी टणक लागलं.

सुलभाताईंनी शांतपणे तो गोळा हातात घेऊन बघितला. म्हणाल्या, "बरं झालं इथेच सापडला. गिऱ्हाइकाच्या ताटात गेला असता तर त्याने घास मोडला की आपला चॅनेल बदलला असता."

तेव्हापासून रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. बटण दाबायचं ते लाटण्याच्या टोकाने. नंदाचा नेम इतका बसला की चहा पिता पिता मी सांगायचे आणि ती लांबूनच आवाज कमीजास्त करायची.

*

मग पेटी भाग खायला लागली.

काल वैदेही विहिरीच्या काठावर रडत उभी होती. आज पेटी लावली तर ती कोणाच्या तरी बारशात पेढे वाटत होती. आम्ही तिघी कप हातात घेऊन बघतच राहिलो. नंदा म्हणाली, विहिरीतून वर कधी आली?

दोन दिवसांनी परत तेच. आपण जिथे थांबलो तिथून ती लागतच नव्हती, एक भाग पुढचा लागायचा. मागे कसं जायचं ते आम्ही शिकलो, पण मनात आलं ते आलंच. मी म्हटलं, मशीन आपणहून बघत नाही, कोणीतरी बघतंय. सुलभाताई म्हणाल्या, मंगल, तुला प्रत्येक ठिकाणी चोर दिसतो.

तेवढ्यात दामूशेठ पोळ्या न्यायला जिन्यावरून खाली आले. ते इथले जुने रहिवासी, शीळफाट्याकडच्या त्यांच्या शेतावर आता टॉवर झालेत. त्यांची बायको, आमच्या काकी, होत्या तेव्हा दुपारी आमच्यात येऊन बसायच्या, वाटाणे सोलायच्या. त्या गेल्यापासून शेठ वर एकटेच. मालिकेचा त्यांना भयंकर राग. आवाज जरा वाढला की वरून काठी आपटतात.

आमचं ऐकून म्हणाले, "पेटीच भंगार हाय तुमची. बदला."

घरमालकच बोलला म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?

*

दुसरी पेटी बोलण्यावर चालणारी. जिग्नेश म्हणाला, "मावशी, ह्याला हात लावायलाच नको. कणकेच्या हातांना एकदम आयडियल." खरंच, सुलभाताईंनी "मालिका लाव" म्हटलं की लागायची. सुलभाताई तिच्याशी अहो-जाहो बोलायच्या. नवीन माणूस आहे म्हणे.

एक दिवस वैदेहीच्या घरी मोठं भांडण चाललेलं. दामूशेठ जिन्यातून ओरडत आले. "आवाज कवरा गो! कमी कर!"

आणि आवाज कमी झाला.

शेठ दारात थबकले. एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा टीव्हीकडे. चौदा वर्षांत त्यांचं एका हाकेत कोणी ऐकलं नव्हतं. पुढचे आठ दिवस ते रोज येऊन एकदा तरी "कमी कर" म्हणून जायचे, आवाज नसला तरी.

पण भाग खाणं चालूच.

*

तिसरी पेटी मोठी, ताकदवाली. जिग्नेश काय म्हणाला ते सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

ती तापायची. तव्याची धग, त्यात गाळ्याला खिडकी नाही. हात लावला तर चटका. जिग्नेश फोनवर म्हणाला, गार ठेवा. मी गिऱ्हाइकात होते. सुलभाताईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. ओलं फडकं पिळून पेटीवर घातलं, कणकेवर घालतात तसं, चारी बाजूंनी नीट खोचून.

पेटी गार झाली ती कायमची.

जिग्नेशने उघडली तेव्हा आतून पाणी आलं. त्याने विचारलं, मावशी, धुतली की काय? सुलभाताई त्याच्यावरच उखडल्या. म्हणाल्या, माझी कणीक दिवसभर अशी राहते, तिला काही होत नाही.

त्याने तशीच दुसरी दिली. ती पण भाग खायला लागली. म्हणजे पेट्या झाल्या चार.

*

आता हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. गाळ्याची चावी माझ्याकडे. मीच आधी येते, मीच शेवटी जाते. एक दिवस नंदा कणीक मळता मळता म्हणाली, "मंगलताई, बघितलं असेल तर सांगून टाक ना. आम्ही काय खाणार आहोत तुला?"

मला तव्याची धग कधी लागली नाही तेवढं ते बोलणं लागलं. मी भांडते, तोंडावर बोलते, पण खोटं बोलत नाही. हे ह्या दोघींना नाही कळणार तर कोणाला?

मी संध्याकाळी पेटी उपटली, पिशवीत घातली आणि घेऊन कल्याणला घरी गेले. कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. म्हटलं, आता गाळ्यात पेटीच नाही, तर बघेल कोण?

दुसऱ्या दिवशी अडीचला लावली. एक भाग पुढे!

सुलभाताई म्हणाल्या, पेटी होती कोणाकडे?

मी स्वतःच्या हाताने स्वतःला अडकवलं.

मग मी हट्टाने सुलभाताईंना दिली. त्यांच्याकडूनही पुढे जाऊन आली. मग नंदा टिटवाळ्याला घेऊन गेली, तर दोन भाग पुढे, कारण मधे आमची सुट्टी होती. आता तिघी चोर. चहा वेगवेगळा व्हायला लागला. सुलभाताई भाजीकडे तोंड करून प्यायच्या, नंदा दारात उभी राहून. चौथ्या दिवशी नंदाने सांगितलं, टिटवाळ्याला तिच्या बिल्डिंगखालीच नवीन केंद्र निघतंय, तिथे बोलावलंय, महिनाअखेरीला जाईन म्हणते.

एका पेटीपायी माझं केंद्र मोडायला आलं. नंदासारखी लाटणारी मिळेलही एखादी. पण तिने जाताना माझ्याबद्दल काय घेऊन जायचं? मंगल खोटारडी, हे?

शेवटी मी तिघींसमोर पेटी पिठाच्या रिकाम्या डब्यात घातली, कुलूप लावलं आणि चावी नंदाच्या गळ्यात बांधली. दुसऱ्या दिवशी तिनेच उघडलं, तिनेच लावलं. एक भाग पुढे.

नंदा खाली बसली. म्हणाली, ताई, चुकले मी. सुलभाताईंनी तिघींचा चहा एका पातेल्यात टाकला. तेवढ्यावर मिटवलं असतं तरी चाललं असतं. पण मी मिटवणाऱ्यातली नाही.

*

जिग्नेशला बोलावलं. त्याला मी पहिल्यांदा नीट विचारलं, की बाबा, पेट्या बदलून जर काही होत नाही, तर चारही पेट्यांत सारखं काय आहे? त्याने टीव्हीवर कुठे कुठे जाऊन एक पान उघडलं. म्हणाला, "मावशी, तुमचं खातं दोन टीव्हींवर चालू आहे. एक हा. दुसरा पण डोंबिवलीतच. खातं कोणाच्या नंबरवर आहे?"

नंबर दामूशेठचा. वायफाय त्यांचं, खातं पण त्यांनीच उघडून दिलेलं, काकी गेल्यावर थोड्या दिवसांनी.

मी म्हटलं, चला वर. तर ह्या दोघी परत मलाच हसल्या. नंदा म्हणे, शेठ? ते काठी आपटतात. सुलभाताई म्हणे, मंगल, आता म्हाताऱ्या माणसावर घेऊ नकोस. मी पदर खोचला आणि जिना चढले. मग आल्या मागून.

दार उघडंच होतं. शेठ दिवाणावर बसलेले, मांडीवर ताट, ताटात आमची पोळी, अर्धी. समोर टीव्हीवर वैदेही एका म्हाताऱ्याचे पाय धरून रडत होती. नंदाने पटकन डोळ्यांवर ओढणी घेतली, पुढचं दिसू नये म्हणून. शेठचे डोळे लाल. आम्हाला बघून ते रिमोट शोधायला लागले, सापडला तर भलतंच बटण दाबलं आणि आवाज आणखी वाढला.

मी विचारलं, "शेठ, ही मालिका इथे कोण बघतं?"

त्यांनी नाक पुसलं. आमच्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. मग दिवाणाखाली बघितलं. तिथे त्यांचा कुत्रा टीव्हीकडे पाठ करून गाढ झोपलेला होता. शेठनी बोट खाली केलं आणि म्हणाले,

"मोती."