खडूचा पक्ष

संप फिसकटल्यापासून आमच्या लालबागच्या पुढाऱ्याने तीन पक्ष बदलले. त्याची पाटी दर वेळी मीच रंगवतो. "नाव ऑइल पेंटने काढ रे, पक्ष खडूने," असं तो डोळा मिचकावून सांगतो.

परवा तो मध्यममार्गी उदारमतवाद्यांत गेला. मिल उघडेल या आशेवर असलेल्या माझ्या वडिलांनी त्याला पाटीपाशीच गाठलं.

"रे, उद्या मोर्चाक येतलंस मा?"

"काका, आता आपण उदार. मालकाचंही दुःख समजून घ्यायला हवं!"

वडील माझ्याकडे बघत राहिले. मी फडकं ओलं केलं. खरं सांगतो, फुटपाथवरचं माझं दुकान त्याच्याच मेहेरबानीवर उभं आहे. मी जुना पक्ष पुसला आणि तो सांगायच्या आधीच खडू उचलला.