साडेतेरा हातांची शेवंती

रिक्षा वाढल्या तसे बदलापूर स्टेशनचे टांगे एकेक करून बंद झाले. धर्मराजने टांगा विकला, पण शेवंती घोडी विकली नाही. दोन हजार तीनमध्ये तो गेला आणि कुळगावच्या त्या पत्र्याच्या तबेल्यात त्याची बायको बनूबाई आणि शेवंती अशा दोघीच उरल्या. मूलबाळ नव्हतं. बनूबाई दिवसभर घोडीशीच बोलायची.

वर्षभराने तबेल्याच्या जागेवर इमारत उभी राहायची ठरली. शेवंतीला कर्जतकडच्या एका प्राणिसंस्थेत पाठवण्यावाचून इलाज नव्हता. तिथल्या बाईंचा फोन शेजारच्या कमळाकरच्या पीसीओवर आला.

"गव्हाण बसवायचीय. घोडीची उंची किती?"

"साडेतेरा हात," बनूबाई म्हणाली.

"साडेतेरा हात? अहो, घोडी आहे की उंट? सेंटीमीटरमध्ये सांगा."

तिने रिसीव्हर कमळाकरच्या हातात दिला. तो अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. "उद्या कळवतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

"वहिनी, हा हात कुठला?"

"घोडेवाल्यांचा. पंजा आडवा ठेवायचा, अंगठ्यासकट. आमचे हे तसंच मोजायचे."

"मग तो चार इंचांचा. साडेतेरा चोक चोपन्न इंच. एका इंचाचे अडीच सेंटीमीटरच्या जरा वर." त्याने पाठकोऱ्या बिलावर गुणाकार केला. "एकशे सदतीस."

बनूबाईला खात्री वाटेना. घरी येऊन तिने शेवंतीच्या खुराशी पंजा आडवा टेकवला. पंजावर पंजा ठेवत ती वर खांद्याच्या उंचवट्यापर्यंत गेली. साडेसोळा भरले. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढेच.

संध्याकाळी कमळाकर टेप घेऊन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. "ह्यांनी चुकीचं मोजलं होतं का वो?"

"नाही वहिनी. तुमचा पंजा लहान. धर्मराजचा केवढा रुंद होता!"

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. लग्नात तिचा हात त्या हातात पुरता बुडाला होता.

टेपवर एकशे छत्तीस आले. "एक कमी?" तिने विचारलं.

"नाल काढलीय ना तिची. तेवढाच फरक."

गुरुवारी टेम्पो आला. शेवंती मुकाट चढली, मागे वळूनही पाहिलं नाही तिने.

चार दिवसांनी बनूबाईने पीसीओवरून संस्थेत फोन लावला.

"गव्हाण बरोबर बसली का?"

"अगदी बरोबर."

"पाणी पिते?"

"पिते की."

आणखी काय विचारावं ते तिला सुचेना. पलीकडच्या बाईंनाही घाई होती. फोन बंद झाला. चारा घालायची वेळ टळून चालली होती, पण आता घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. ती बाजाराच्या रस्त्याने, लांबून, सावकाश निघाली.