वात नीट होती

माझा स्वभाव तापट. माझ्या वर्गात उलट बोलायची कुणाची छाती नव्हती आणि याचा मला फार अभिमान होता. आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे होता होता राहिलं त्याचं मूळ तिथेच आहे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवऱ्याची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली म्हणून मी नांदेड सोडलं आणि लातूरच्या एका कॉलेजात नाटकाचं नेपथ्य शिकवायला लागले. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, दारावरच्या पाट्यांचा रंग अजून ओला, आणि नळ मात्र ठणठणीत कोरडे. अशात नव्या जिल्ह्याची नाट्यस्पर्धा जाहीर झाली. मुलांनी विहिरीवरचं नाटक लिहिलं. दुसरं सुचणार तरी काय होतं!

रेषा, वजन, मोकळी जागा असं सगळं मी शिकवलं. ताटात सगळे पदार्थ एका बाजूला वाढले तर खाणाऱ्याची नजर आधी रिकाम्या बाजूला जाते, रंगमंचाचंही तसंच, असं सांगितलं. नियम एकच: बघितल्याशिवाय काढायचं नाही. तरी पोरांनी विहीर काढून आणली ती कॅलेंडरावरची. गोल कठडा, रहाट, वर दोन पोपट. मी कागद टराटरा फाडले आणि रविवारी चौघांना घेऊन औशाची एसटी धरली.

त्या चौघांत एक मुलगी होती. औशाजवळच्या शेतकऱ्याची. दहा वेळा हाक मारली तर एकदा "हाव बाई" म्हणणार, पण हात असा की माझ्यापेक्षा चांगली रेघ ओढायची. तिच्याच शेतातली आटलेली विहीर बघायला आम्ही गेलो होतो. सात-आठ परस खोल. परस म्हणजे हात वर केलेला एक माणूस. उतरायला भिंतीतून दगड बाहेर काढलेले. आत ना बेडूक, ना पारवा, ना ओलीचा वास. मुलं कठड्याशी आली आणि आपोआप दोन पावलं मागे सरली. मलाही बरं वाटेना, पण ते मी कशाला दाखवते!

खोलीत उजेड कसा पडतो ते मला बघायचं होतं. तिने घरून कंदील आणला, दोरीने आत सोडला. एकेक दगड उजळत गेला, मग ज्योत बारीक झाली आणि गपकन विझली. मी तर हरखले. अंधार खालून वर चढतोय, हेच आपल्याला पाहिजे, असं मुलांना सांगत सुटले. कंदील पुन्हा लावला. पुन्हा त्याच दगडाशी विझला. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी तिच्यावर खेकसले, "वात नीट कापता येत नाही का तुला?"

वर तिला हुकूम सोडला की वही घेऊन उतर, खालून वर बघ, आतल्या माणसाला काय दिसतं ते कळल्याशिवाय नेपथ्य व्हायचं नाही. तिने विझलेल्या कंदिलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर खोचला आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.

ती कमरेपर्यंत आत गेली असेल, तेवढ्यात तिची चुलती डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन आली. कठड्यावरचा दोरी बांधलेला, विझलेला कंदील बघितला, भारा तिथेच टाकला आणि धावत येऊन पुतणीला दंडाला धरून वर ओढलं. मी तोंड सोडणार होते. चुलतीने आवाजही चढवला नाही.

"कंदील इझला की मागं फिरायचं असतंय बाई," ती म्हणाली. "म्होरं माणूस बी तसंच इझतंय."

आटलेल्या विहिरीत वाईट हवा साठते. गाळ काढणारे आधी दिवा सोडतात, आणि दिवा जिथे मरतो त्याच्या खाली कुणी जात नाही. पलीकडच्या वस्तीवरचा एक जण महिन्यापूर्वी घाईने तसाच उतरला होता, तो वर आलाच नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी शिकलेली बाई, वात कापा म्हणत बसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. तुला हे माहीत होतं का, असं मी विचारलं.

"हाव."

"मग बोलली का नाहीस?"

"बाई सांगायल्यात म्हणल्यावर कसं बोलावं?"

लाज वाटत होती आणि भीतीही. एका वहीच्या पानापायी मी तिला मारलं असतं.

स्पर्धेतला आमचा प्रयोग भर दुपारी होता. तरटाचे पडदे कोरेच टांगले, रंग कालवायला पाणी कुठलं आणणार? डावीकडे दगडांचा जड कठडा, उजवीकडे काहीच नाही. कठड्याच्या आत ती बसली होती. कंदील खाली आला की तो विझवायचा, एवढंच तिचं काम. पहिल्यांदा विझला तशी सभागृहातली कुजबुज थांबली. दुसऱ्यांदा विझला आणि नटाने कठड्यावरून पाय आत टाकला. मागून एक म्हातारा ओरडला, "उतरू नको रे!" मग दुसरा, तिसरा. बायका उठून उभ्या राहिल्या. नट पाय तसाच अधांतरी धरून पुढचं बोलणं विसरला. नाटक आहे हे मला माहीत होतं, तरी आत ती आहे या विचाराने मी विंगेतून एक पाऊल पुढे आले.

नंतर पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी आम्हाला बोलावलं. मोकळ्या जागेचं कौतुक केलं. फक्त ऐन प्रसंगात कंदील दोनदा विझला, रसभंग झाला, मुलांना वात नीट कापायला शिकवा, असं म्हणाले. माझं डोकं फिरलं. भांडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात ध्यानात आलं. वाक्य माझंच होतं.

ती माझ्या मागे उभी होती, केसांत तरटाचे धागे अडकलेले. ती पुढे आली.

"वात नीट होती, सर," ती म्हणाली. "त्या दिवशी बी नीटच होती."

दुसरं वाक्य बोलताना ती माझ्याकडे बघत होती.