ओळ कागदावर पोहोचेपर्यंत

श्री. महारुद्र करजगी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. बी.ए. होऊन मी घरी बसले होते आणि सोलापुरात सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी संगणकाचा वर्ग भरतो, एवढंच ऐकून होते. शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांची खडखड भिंतीतून येत होती. सर दाराकडे पाठ करून काळ्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर पांढरी अक्षरं एकेक ओळ करत वर सरकत होती. त्या खडखडीच्या लयीवरच कुणी ती विणतंय, असा मला भास झाला.

"थांब. एक ओळ यायची आहे अजून," मागं न वळता सर म्हणाले. ओळ आली, तेव्हा वळले.

"संगणक येतो?"

"नाही सर."

"बरं झालं. येणाऱ्यांना शिकवायला जास्त वेळ लागतो."

सरांनी तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्तीनंतरही घरचा वर्ग चालू ठेवला. प्रोग्राम लिहायच्या कितीतरी भाषा आल्या नि गेल्या, हल्ली ते पायथन शिकवतात. पण पहिला धडा बदलला नाही. प्रोग्रामनं पडद्यावर एक ओळ लिहायची आणि तीच ओळ फाइलमध्ये लिहायची. त्याआधी ती वहीत हातानं लिहून सरांना दाखवायची. सर विचारत, "ही ओळ कोण वाचणार?" उत्तर आल्याशिवाय कळफलकाला हात लावू देत नसत. एकदा एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रामनं नुसतंच 'चूक' असं छापलं. सरांनी चष्मा काढला. "कुणाची रे? माझी, तुझी, का यंत्राची? आणि मी आता काय करू? घरी जाऊ?" वर्ग हसला. तो विद्यार्थीही हसला, आणि त्यानं तिथं एक पूर्ण, समजेल असं वाक्य लिहिलं.

"पडद्यावर लिहिणं म्हणजे बोलणं. फाइलमध्ये लिहिणं म्हणजे लिहून देणं," असं सर म्हणत. मला ते तेव्हा नुसतं छान वाटलं होतं.

पुढं मी एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात कार्यालयीन कामाला लागले. शस्त्रक्रियेनंतर घ्यायच्या काळजीची चिठ्ठी रुग्णाच्या भाषेत छापून द्यावी, असं मनात आलं. पण मराठी मजकूर फाइलमध्ये गेला की त्याचे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं व्हायची. सर एक पैसा न घेता दीड महिना येत राहिले. फाइल उघडतानाच तिच्यात अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवायची ते सांगावं लागतं, हे त्यांनी मला त्या दिवसांत शिकवलं. मराठी झाल्यावर म्हणाले, "कन्नड राहिलं की. आणि तेलुगू?" तिन्ही भाषांच्या चिठ्ठ्या निघू लागल्या. अक्कलकोटकडच्या एका आजोबांनी कन्नड चिठ्ठी पट्टी नसलेल्या डोळ्याजवळ धरून वाचली आणि म्हणाले, "हे यंत्र आमच्याकडचं दिसतंय." सर कितीतरी दिवस हे ज्याला त्याला सांगत होते.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो. सर वर्गात 'आमच्याकडून एकदा अशी चूक झाली' म्हणून तो सांगतात. त्या 'आमच्याकडून'मध्ये मी आहे, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सरांच्या पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथात ते न लिहिणं मला बरं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर होतं. बाहेरगावचे डॉक्टर एका दिवसासाठी येणार होते. गावोगावची पंचेचाळीस माणसं आणायला गाडी जाणार होती. आदल्या दिवशी मी यादीचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर पंचेचाळीस नावं सरकली, मी मोजली. तीच नावं प्रोग्राम फाइलमध्येही लिहीत होता. शेवटी 'पुढे जाण्यासाठी एंटर दाबा' अशी ओळ मीच ठेवली होती. प्रोग्राम तिथं थांबलेला असताना मी तो तसाच ठेवून फाइल उघडली, छापली आणि पानं ड्रायव्हरकडे दिली. शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती, '४३. कोंडाबाई'. पुढं आडनाव नाही, गाव नाही. ती ओळ मी पाहिली होती. पुढचं पान प्रिंटरमध्ये राहिलं असेल, ड्रायव्हर घेईल, असं वाटलं आणि मी पानं टाचली. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे, 'यादी वेळेत झाली.'

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. जेऊरहून कोंडाबाईंची सून बोलत होती. "बाई, गाडी आली न्हाय. आमी तीन पेशंट घेऊन पहाटंपासनं टेशनाबाहेर बसलोय." यादीवर जेऊर हे नावच नसल्यामुळे गाडी टेंभुर्णीवरून परत फिरली होती. कोंडाबाईंचा एक डोळा कायमचा गेलेला. दुसऱ्यातलं दिसणं आज परत यायचं होतं.

मी सरांना फोन केला आणि प्रोग्राम कसा लिहिला ते सांगू लागले. "कारण नंतर," सर म्हणाले. "आधी माणसं आण. थांब, एकटी जाऊ नको." दहा मिनिटांत दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून ते रुग्णालयाच्या जीपमध्ये येऊन बसले.

तो प्रवास मला अजून स्वप्नासारखा आठवतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, उन्हात नुसती डुलत होती, आणि घाई फक्त माझ्या छातीत होती. उजनीच्या पाण्यात दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसली. सरांनी बोट दाखवलं. ती तीन नावं या क्षणी कुठं आहेत, असला वेडा विचार माझ्या मनात येत होता. पडद्यावरून ती गेली होती, कागदावर आली नव्हती.

टेंभुर्णी मागं पडल्यावर मी विचारलं, "सर, गाडी पंक्चर झाली म्हणून सांगू का?"

"आणि ड्रायव्हरनं पुढच्या वेळी कुठल्या तोंडानं जायचं तिथं?"

स्टेशनाबाहेर कडुलिंबाखाली ती मंडळी बसली होती. दोन म्हातारे, कोंडाबाई आणि सून. जीपचा आवाज ऐकून कोंडाबाईंनी हात वर केला. "दिसत न्हाय, म्हून यील त्या गाडीला हात करतीया," त्या म्हणाल्या. "एका ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या की."

मी त्यांच्यासमोर बसले. "आजी, गाडीची चूक नाही. माझी आहे. कागदावर तुमचं नाव अर्धंच उमटलं आणि गाव उमटलंच नाही. मी ते पाहूनही सोडून दिलं."

"अर्धं म्हंजी कुटवर?"

"कोंडाबाईपर्यंत."

"म्हंजी नवऱ्याचं नाव ऱ्हायलं. त्यो बी असाच मधनंच गेला." म्हातारे हसले. मला हसता आलं नाही. सरांनी कोंडाबाईंचा हात धरून त्यांना जीपमध्ये चढवलं आणि सोलापूरपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले. शेत किती, ज्वारी कशी, घरात कोण कोण. नातीचं लगीन ठरलंय, हे त्यातच कळलं.

साडेचारला पोचलो. दोन्ही म्हाताऱ्यांची शस्त्रक्रिया झाली. कोंडाबाईंना मधुमेह, पहाटेपासून गोळी नाही, पोटात अन्न नाही. तपासणी करून डॉक्टर म्हणाले, "आज मी हात लावणार नाही." पुढचं शिबिर तीन महिन्यांनी होतं. नातीचं लग्न त्याआधी झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला वर्गात बोलावलं. "चालव," म्हणाले. प्रोग्राम 'एंटर दाबा'पाशी थांबला. "आता फाइल उघड." बेचाळीस नावं आणि अर्धी ओळ. मग त्यांनी एंटर दाबलं, प्रोग्राम संपला, आणि फाइल पुन्हा उघडल्यावर तिच्यात पंचेचाळीस नावं होती. सरांनी शांतपणे समजावलं. आपण लिहिलेलं लगेच फाइलमध्ये जात नाही. यंत्र ते आधी स्मृतीत साठवतं, साठा भरला की एकदम लिहितं. उरलेलं फाइल बंद केल्यावर जातं. मी फाइल बंद केली नव्हती.

मी रडू लागले, तशी सरांनी खडू उचलला. "तुला शिकवताना मी म्हणालो होतो, प्रोग्राम संपला की फाइल आपोआप बंद होते, काळजी नको. संपायच्या आधी कुणी वाचली तर काय, हे मी सांगितलं नाही. निम्मी चूक माझी." निम्मी खरंच त्यांची होती का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. ते माझं ओझं वाटून घेत होते, असं मला वाटतं. सरांना विचारलं तर ते रागावतात. तेव्हापासून फाइल लिहून झाली की तिथल्या तिथं बंद होईल, अशाच रीतीनं लिहायला ते पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटची ओळ छापील कागदावर बोट ठेवून वाचायला लावतात.

तीन महिन्यांनी कोंडाबाईंची शस्त्रक्रिया झाली. सर तेव्हा कंबरेच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळून होते. पट्टी निघाल्याचं मी फोनवर सांगितलं. "पहिलं काय पाहिलं त्यांनी?" सरांनी विचारलं.

"सुनेला. म्हणाल्या, किती वाळलीस गं."



हा लेख लिहू का, असं सरांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "लिही. पण कोंडाबाईंना वाचून दाखव." म्हणून गेल्या महिन्यात मी जेऊरला गेले. ओसरीवर त्या शेंगा फोडत होत्या. मी वाचत गेले. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'कोंडाबाईंनी मला मोठ्या मनानं क्षमा केली.' त्यांनी हात वर केला.

"ते खोडा. लई राग आला हुता मला. नातीचं लगीन म्या हातानं बघितलं, बाय. तिच्या तोंडावर हात फिरवून. त्यो राग अजून बी हाय थोडा."

मी ते वाक्य त्यांच्यासमोरच खोडलं. त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मग म्हणाल्या, "पर तुमी खोटं बोलला न्हाईसा. मास्तरांनी बोलू दिलं न्हाई. त्या दिशी दिसत नव्हतं, म्हून त्यांचा नुसता आवाज ठावा हाय. तोंड बघायचं ऱ्हायलंय. कार्यक्रम कवा हाय म्हणला?"

करजगी सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची कंबर ताठ राहो, त्यांचे डोळे निर्मळ राहोत, त्यांच्या पुढच्या खोलीत नवी माणसं येत राहोत आणि त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासूनची इच्छा आहे. सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यातल्या एक बाई सुनेबरोबर बसलेल्या असतील. सर, बोलायला उभं राहण्यापूर्वी थोडा वेळ त्यांच्याकडे तोंड करून थांबा. त्यांना तुम्हाला नीट पाहू द्या.