चिकटवण्याआधी

बसस्थानकावर तिला सगळे 'आवाजवाली' म्हणत. एकवीस वर्षं ती काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा सांगत होती. चेहऱ्याने तिला कुणी ओळखत नसे, पण दुकानात तिने "साबण द्या" म्हटलं की चार माना वळत.

एकदा जिन्यावर पाय घसरला, कठड्यावर तोंड आपटलं आणि वरचा समोरचा दात मुळासकट गेला. जखम भरायला दोन महिने लागले. पण त्या फटीतून वारा सुटायचा. 'सव्वासहा' म्हटलं की माईकमधून शिट्टीच ऐकू यायची.

स्थानकप्रमुख म्हणाले, "बाई, पंधरा दिवस रजा घ्या, दात बसवून या. त्यानंतरच्या सोमवारी आला नाहीत तर मात्र मी रेकॉर्ड केलेला आवाज लावणार. माझाही नाइलाज आहे."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात आरसा दिला. "ब्रिज म्हणजे पुलासारखा खोटा दात बसवू, मावशी. पण त्याला आधार लागतो. शेजारचे दोन दात घासून बारीक करावे लागतील."

"ते तर धडधाकट आहेत!"

"म्हणूनच भार पेलतील."

"नंतर नको वाटलं तर?"

"घासलेला दात परत वाढत नाही."

तिने सोबत आलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो घड्याळं दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा. "तोंड तुझं आहे. तूच ठरव," तो म्हणाला. तिने डोळे मिटून आ केला.

शनिवारी ब्रिज तयार होऊन आला. घासलेल्या दातांवरची तात्पुरती टोपी काढून डॉक्टरीणबाईंनी तो दातांवर ठेवून पाहिला. "झक्कास! चिकटवू या." मदतनीस मुलगी सिमेंट कालवायला लागली.

"थांबा! आधी बोलून बघू द्या." ती ताठ बसली. "सव्वासहाची जलद गाडी फलाट क्रमांक चारवर..."

शिट्टी बारीक होती, पण होती.

"आठवड्यात जीभ सरावेल, मावशी."

"आणि नाही सरावली तर?"

"मग तोडूनच काढावा लागेल."

"मग बनवणाऱ्याकडे परत पाठवा."

"पण तुमचा सोमवार?"

"जाऊ दे सोमवार," ती म्हणाली. बाहेर येऊन तिने स्थानकप्रमुखांना फोन करून सोमवारी येणार नसल्याचं सांगितलं. "मग मी सांगितलं तसं करतो," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी ब्रिज आतल्या बाजूने पातळ होऊन आला. खुर्चीत बसून तिने अख्खं वेळापत्रक खणखणीत म्हटलं. बाहेरच्या बाकावरचे एक आजोबा दारात येऊन घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "सातची गेली का हो?" डॉक्टरीणबाई हसल्या. "आता चिकटवू?" तिने मान डोलावली.

तिथून ती थेट स्थानकावर गेली. रस्ता बंद झाल्यामुळे गाड्यांचे फलाट बदलले होते, आणि रेकॉर्ड केलेला आवाज मात्र लोकांना गोड सुरात जुन्या चार नंबरच्या फलाटावरच धाडत होता. माणसं पिशव्या घेऊन सैरावैरा धावत होती. काचेच्या खोलीत स्थानकप्रमुख घामाघूम होऊन बटणं दाबत होते. ती दिसताच ते खुर्चीवरून उठले.

तिने यंत्र बंद केलं, बदललेल्या फलाटांचा कागद पाहिला, माईक ओढला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. सव्वासहाची जलद गाडी सात नंबरवरून सुटेल."

काचेपलीकडची गर्दी थबकली आणि सातकडे वळली.

"आठवडाभर बघू," स्थानकप्रमुख कपाळ पुसत म्हणाले.

"बघा की," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीचा कागद ओढून घेतला.